लॉफ्ट कन्व्हर्जनमध्ये छताचा आकार बदलायचा असेल तर परवानगी कधी लागते?

लंडनच्या हॅरो भागातील आपले घर १९३० च्या दशकातले सेमी-डिटॅच्ड, म्हणजे एका बाजूची भिंत शेजाऱ्यांशी सामाईक असलेले जोडघर आहे. छताचे बाजूचे उतरते पाखे काढून त्या बाजूची भिंत थेट आढ्यापर्यंत चढवायची, मागच्या बाजूला रुंद डॉर्मर (उतरत्या छतातून बाहेर काढलेला खिडकीचा उभा भाग) काढायचे आणि भारतातून येणाऱ्या आईवडिलांसाठी माळ्यावर खोली करायची, असा आपला बेत दिसतो. शेजाऱ्यांनी हेच काम केले आहे आणि बिल्डरही ‘प्लॅनिंगची परवानगी लागत नाही’ असे सांगतो, ते खरे मानावे का, हा आपला प्रश्न आहे. बिल्डरचे म्हणणे बहुधा बरोबर आहे, परंतु ते सर्वस्वी मापांवर अवलंबून असल्याने त्याने ती मापे प्रत्यक्ष काढली आहेत का, हे आधी विचारावे.

इंग्लंडमध्ये कोणत्या बांधकामांना वेगळा अर्ज लागत नाही, हे ठरवणाऱ्या २०१५ च्या सरकारी आदेशातील (जनरल परमिटेड डेव्हलपमेंट ऑर्डर) ‘क्लास बी’ हा भाग छतावरील वाढीव बांधकामाला लागू होतो. त्यातील सर्व अटी पाळल्या गेल्या, तर परवानगी आदेशानेच मिळालेली असते; मग डॉर्मर बेढब दिसते किंवा जोडघराचा तोल बिघडतो, या कारणांवरून काउन्सिलला (स्थानिक पालिकेला) ते अडवता येत नाही. याउलट एकही अट मोडली, तर रीतसर अर्ज करावा लागतो आणि तेथे मात्र दिसण्याचा, शेजाऱ्यांच्या हरकतींचा व काउन्सिलच्या स्थानिक धोरणाचा विचार होतो. म्हणून आराखडा शक्यतो क्लास बीच्या आतच बसवावा, असे माझे मत आहे.

सर्वांत जास्त घोटाळा घनफळात होतो. मूळ छतात पडणारी भर रांगेतल्या घरासाठी ४० घनमीटर आणि सेमी-डिटॅच्ड किंवा स्वतंत्र घरासाठी ५० घनमीटर यांहून अधिक असता कामा नये. ही मोजणी बाहेरून करतात आणि आधीच्या मालकाने छतात काही वाढ केली असेल तर तीही यातच धरली जाते. समजा, आपल्या छताचा पुढून मागपर्यंतचा विस्तार ८ मीटर आहे, वळचणीपासून आढ्यापर्यंतची उंची ३ मीटर आहे आणि बाजूचे पाखे आडव्या मापाने ४ मीटर आत जाते. ते काढून सरळ भिंत चढवली की ८, ४ आणि ३ यांच्या गुणाकाराचा सहावा भाग, म्हणजे १६ घनमीटर वाढतात. मागचे सपाट छताचे डॉर्मर ६ मीटर रुंद, २.७ मीटर उंच आणि ३.६ मीटर खोल असेल, तर ते पाचरीच्या आकाराचे असल्याने गुणाकाराचे निम्मे, म्हणजे सुमारे २९ घनमीटर होतात. एकूण ४५, म्हणजे मर्यादेत. मात्र ‘आता करतोच आहोत तर पूर्ण रुंदीचे करू’ म्हणून तेच डॉर्मर ७.५ मीटर केले, तर ते एकटेच ३६ च्या वर जाते आणि बेरीज ५२ ओलांडते. बिल्डरने ‘पन्नासच्या आत आहे’ एवढेच सांगितले असेल, तर हा हिशेब कागदावर मागून घ्यावा.

उंचीची अट ऐकायला सोपी आहे: नवे बांधकाम सध्याच्या छताच्या सर्वांत उंच भागापेक्षा वर जाऊ नये. अडचण येते ती डॉर्मरच्या सपाट छतावर इन्सुलेशनचा जाड थर बसवताना, कारण नकाशात आढ्याच्या पातळीला असलेली कड प्रत्यक्षात काही सेंटिमीटर वर निघते. आत उभे राहण्याइतकी उंची मिळत नसेल, तर खालच्या मजल्याचे सिलिंग उतरवायला प्लॅनिंगची परवानगी लागत नाही. आढे उचलायचे झाल्यास मात्र क्लास बी संपलाच.

रस्त्याकडे तोंड असलेल्या दर्शनी पाख्याच्या पुढे डॉर्मर काढता येत नाही. तेथे उतारातच बसणाऱ्या खिडक्या चालतात, पण त्या छताच्या पातळीपासून १५ सेंटिमीटरहून अधिक वर येऊ नयेत. मागचे डॉर्मर मूळ वळचणीच्या कडेपासून उतारावर मोजून, शक्य असेल तेथे, किमान २० सेंटिमीटर आत हवे. बाजूची भिंत चढवण्याच्या कामाला ही अट नाही. त्या नव्या भिंतीतील जिन्याच्या खिडकीला धूसर काच लागेल आणि खोलीच्या जमिनीपासून १.७ मीटरच्या खालचा तिचा भाग उघडणारा नसावा. कौले किंवा बाहेरचे आवरण जुन्याशी मिळतेजुळते असावे. बाल्कनीचा विचार मनातून काढून टाकावा.

शेजाऱ्यांचे छत हा आपल्यासाठी पुरावा ठरत नाही. त्यांनी रीतसर परवानगी घेतली असेल, किंवा त्यांचे काम २००८ पूर्वीच्या निराळ्या नियमांत झाले असेल. शिवाय घर संवर्धन क्षेत्रात (परिसराचे जुने रूप जपण्यासाठी ठरवलेल्या भागात) असेल, तर क्लास बी मुळीच लागू होत नाही. हॅरो-ऑन-द-हिल आणि पिनर येथे अशी क्षेत्रे आहेत, म्हणून काउन्सिलच्या नकाशावर आपला पत्ता तपासावा. आर्टिकल ४ चा आदेश (विशिष्ट भागापुरता निघणारा आदेश) किंवा मूळ बांधकाम परवानगीतील एखादी अट क्लास बीचे हक्क काढून घेते का, तेही पाहावे. फ्लॅटला हे हक्क मुळातच नसतात.

सर्व जुळत असले तरी काम सुरू करण्याआधी ‘लॉफुल डेव्हलपमेंट सर्टिफिकेट’, म्हणजे हे काम कायदेशीर असल्याचा काउन्सिलचा दाखला घ्यावा, असा माझा आग्रह आहे. ते सक्तीचे नाही. त्याचे शुल्क साध्या प्लॅनिंग अर्जाच्या निम्मे असते, त्यात शेजाऱ्यांच्या आवडीनिवडीला स्थान नसते आणि घर विकताना खरेदीदाराचा सॉलिसिटर नेमका हाच कागद मागतो. एप्रिल २०२४ पासून इंग्लंडमध्ये विनापरवाना बांधकामावरील कारवाईची मुदत सर्वसाधारणपणे चारऐवजी दहा वर्षे झाली आहे, त्यामुळे ‘चार वर्षे कोणी बोलले नाही की सुटलो’ हा जुना सल्ला आता विसरावा.

प्लॅनिंगमधून सुटका झाली, तरी बिल्डिंग रेग्युलेशन्समधून, म्हणजे बांधकामाच्या सुरक्षिततेच्या व दर्जाच्या नियमांतून होत नाही. तुळया, जिना, इन्सुलेशन आणि विशेषतः तिसऱ्या पातळीवरून आग लागल्यास बाहेर पडण्याचा सुरक्षित मार्ग यांची तपासणी होतेच आणि शेवटी मिळणारे पूर्ततेचे प्रमाणपत्र जपून ठेवावे लागते. पोलादी तुळईची टोके सामाईक भिंतीत रोवायची असतील, तर १९९६ च्या पार्टी वॉल कायद्याप्रमाणे शेजाऱ्यांना किमान दोन महिने आधी लेखी नोटीस द्यावी लागते. त्यांनी १४ दिवसांत संमती कळवली नाही, तर वाद निर्माण झाला असे मानले जाऊन सर्व्हेयर नेमावा लागतो, म्हणून बिल्डरला तारीख देण्याआधी ही नोटीस गेलेली असावी.