नुसत्या क्रमवारीवर जाऊ नकोस

अरे, अमेरिकन कॉलेज बास्केटबॉलमध्ये एपी या वृत्तसंस्थेची टॉप २५ क्रमवारी बघून संघ जोखू नकोस. ती पत्रकारांची मतं. मोठ्या नावाला तिथे उधारी मिळते. विजय कुणावर आणि कुठे मिळवले ते बघ. नोव्हेंबरात घरच्या कोर्टवर दुबळ्यांना झोडपणारे जानेवारीत बाहेर गेले की उघडे पडतात. एकूण गुण नको, दर १०० पझेशनमागचे (पझेशन म्हणजे चेंडू हाती असतानाची एक पाळी) बघ. संथ खेळणारा संघ ६० गुणांतही भारी असतो.

पण एका पराभवावरून शिक्का मारू नकोस. २०१८ च्या राष्ट्रीय कॉलेज स्पर्धेत (एनसीएए) पहिल्या मानांकनाच्या व्हर्जिनिया विद्यापीठाला सोळाव्या मानांकनाच्या यूएमबीसी या विद्यापीठाच्या संघाने ७४-५४ असं लोळवलं. मध्यंतराला २१-२१ होते! ‘फुगवलेला संघ’ म्हणून आम्ही हसलो. २०१९ मध्ये तेच विजेते. माझ्या ब्रॅकेटमध्ये, म्हणजे निकालांचे अंदाज भरलेल्या तक्त्यात, ते दुसऱ्याच फेरीत घरी गेले होते.