दप्तराची चेन आणि फुल्यांची शिवी

बाळा,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र पोचलं. दुसरीतल्या पोरानं भर वर्गात आईवरून शिवी हासडली, बाकीची पोरं खुदूखुदू हसली आणि तुझे कान तापले. पुढं काय करू, असं विचारतोस. मी काय केलं होतं ते आधी सांगतो. ते तू करू नकोस.

खंडाळा तालुक्यात असताना माझ्या वर्गात एका ट्रॅक्टरवाल्याचं पोरगं होतं. शाळा सुटताना त्याच्या दप्तराची चेन अडकली. दोनदा ओढली, हलेना. मग गड्यानं दप्तर खाली ठेवलं, डाव्या पायानं त्याला लाथ घातली आणि म्हणाला, "या चेनच्या..." पुढं फुल्यांची शिवी. आवाज बापाचा, लाथही बापाचीच. इंजिन चालू झालं नाही की ट्रॅक्टरच्या टायरला बसायची ती. शेवटी बाजूला थुंकलासुद्धा! मी कानाखाली वाजवली. त्यानंतर आठवडाभर पोरगं 'चेन' म्हणेना. 'दप्तराचं ते' म्हणायचं. मार कुठल्या शब्दासाठी बसला हेच त्याला कळलं नव्हतं. चांगला शब्द त्यानं टाकून दिला आणि दुसरा तसाच तोंडात राहिला.

तेव्हा अर्थ विचारत बसू नकोस, अर्थ त्याला ठाऊक नसतो. वर्गापुढं उभंही करू नकोस. मधल्या सुट्टीत बाजूला घे आणि सरळ सांग, हा शब्द कुणाच्या तरी आईला लागतो, इथं बोलायचा नाही. राग आला तर काय बोलायचं तेही सांग. 'आयला'सुद्धा नको म्हणशील तर मात्र पोराच्या हाती काहीच उरणार नाही. माझी आजी मला 'मुडद्या' म्हणूनच जेवायला हाक मारायची, आणि माझं पोट भरायचं.

बापाला शाळेत बोलावून तक्रार करू नकोस. तो घरी जाऊन पोराला बडवणार, आणि बडवताना तीच शिवी देणार. बांधावर, चहाच्या टपरीवर भेटला तर काढ विषय, हसत हसत.

पोरांना जागा कळते, हे मी बोरीच्या बारात पाहिलं. सुखेड आणि बोरी ही दोन गावं, मधे ओढा. नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी बायका दोन्ही काठांवर उभ्या राहून, हातवारे करत एकमेकींना शिव्यांची लाखोली वाहतात. वाजंत्री असते, पोलीस असतात, बघायला ही गर्दी. माझ्या वर्गातली पोरं बापाच्या खांद्यावर बसून सगळं ऐकायची. दुसऱ्या दिवशी वर्गात एकाच्याही तोंडून त्यातलं अक्षर निघत नसे. ते तिथलं, ओढ्यावरचं.

रोजची शिवी निराळी. तिला ना दिवस ना ओढा, आणि ती पडते नेमकी जी तिथं नसते त्या बाईवर. ही खोड जुनी आहे. गधेगाळ, म्हणजे शाप कोरलेला जुना दानाचा दगड, पाहिलीस का कधी? वर चंद्र-सूर्य, खाली गाढव आणि बाई. दिलेलं दान मोडणाऱ्याच्या आईला त्या दगडावर शाप असतो. मुंबईत परळला सापडलेला शिलाहार राजा अपरादित्याचा लेख शके 1108 मधला. मजकूर संस्कृत, शाप तेवढा मराठी! गुन्हा पोरानं करायचा आणि विटंबना आईची, हा हिशोब तेव्हापासूनचा.

म्हणून मला सौंदाळ्याचा निर्णय पटला. नेवासा तालुक्यातलं हे गाव. नोव्हेंबर 2024 मध्ये तिथल्या ग्रामसभेनं ठराव केला, आई-बहिणीवरून शिवी देणाऱ्याला 500 रुपये दंड. दंडानं जीभ वळते का, याची मला शंकाच आहे. पण मोठ्या माणसांनी भर सभेत आपल्याच तोंडाला दंड लावून घेतला, हे आवडलं. शिव्यांचं खापर नेहमी पोरांवर आणि मोबाइलवर फुटतं. (संध्याकाळी सात ते नऊ मुलांना मोबाइल बंद, हेही त्याच गावानं ठरवलं म्हणा.)

आता तुझ्याबद्दल. रागावू नकोस. मागं तुझ्या वर्गाबाहेर पाच मिनिटं उभा होतो. तेवढ्यात 'गाढवा', 'ढ आहेस नुसता' आणि 'तुझ्या बापाला तरी येत होतं का' एवढं ऐकलं. यातल्या एकाही शब्दाला आपल्याकडं कुणी शिवी म्हणत नाही. शिक्षण हक्क कायद्याचं कलम 17 काढून बघ, शारीरिक शिक्षेच्या शेजारीच मानसिक छळ लिहिलाय. चेनवाल्या पोरानं माझी थप्पड केव्हाच माफ केली, भेटला की पाया पडतो. ज्याला मी 'तुझ्याच्यानं काही व्हायचं नाही' म्हणालो होतो, तो बाजारात दिसला की रस्ता बदलतो. त्याला मी बोटसुद्धा लावलं नव्हतं.

एक कर. सोमवारपासून असा शब्द तोंडून गेला की फळ्याच्या कोपऱ्यात खडूनं एक रेघ मार. पोरांना कारण सांगू नकोस, ती दोन दिवसांत ओळखतील. संध्याकाळी रेघा मोज आणि मला कळव. पहिल्या दिवशी माझ्या अकरा झाल्या होत्या, आणि तोही शनिवार, अर्ध्या दिवसाची शाळा.

तुझा,
जुना गुरुजी