प्रोबायोटिक चालू, तरी उन्हाळ्यात मरतूक

दादा, तुमची पोस्ट वाचली: ३२ दिवसांचे ब्रॉयलर कोंबडीचे पक्षी, शेडमध्ये दुपारी ४२ अंश, कंपनीच्या सुपरवायझरने दिलेली प्रोबायोटिकची पुडी पाण्यातून चालू आणि तरी रोज मरतूक. आमच्याकडेही डिट्टो हेच झालं होतं, म्हणून लिहितोय.

पडदे, फॉगर (पाण्याचे तुषार), छतावर पऱ्हाटी हे तुम्ही केलंच असणार. घोळ दुसरीकडे आहे. तुम्हीच लिहिलंय की टाकीत ब्लीचिंग पावडर (म्हणजे क्लोरीन) पडते आणि त्याच दिवसांत अँटिबायोटिकही चालू आहे. अहो, प्रोबायोटिक म्हणजे जिवंत जिवाणू! निम्मे क्लोरीनने मरतात, उरलेसुरले अँटिबायोटिकने. क्लोरीन हवंच, पण प्रोबायोटिकच्या तीन-चार तासांपुरतं बिनक्लोरीनचं पाणी भरा. नाहीतर क्लोरीनचा जोर मोडायला लसीच्या वेळी टाकतो तशी स्किम मिल्क पावडर, लिटरला २.५ ग्रॅम.

आम्ही जिच्यासाठी करारावर पक्षी वाढवतो त्या कंपनीचं (नाव घेत नाही) गोदाम पत्र्याचं. लॅक्टोबॅसिलस जिवाणूच्या प्रोबायोटिक पुड्या एप्रिलभर तिथेच भाजत पडलेल्या. पुडीवर ‘थंड जागी ठेवा’ छापलेलं. विचारलं तर म्हणे, शेड्यूल वरून आलंय. मरतूक वाढल्यावर वरून कोणी फिरकलं नाही. ऑफिसात जावं तर डॉक्टर फील्डवर, फोन करावा तर मीटिंगमध्ये. मेलेल्या पक्ष्याचं पीएम (शवविच्छेदन) करा म्हटलं तर, "उन्हानं मेले, त्यात काय बघायचं?" वजावट मात्र आमच्या ग्रोइंग चार्जमधून (पक्षी वाढवण्याच्या मोबदल्यातून), तिला कुठलीच मीटिंग आड आली नाही.

माझं मत विचाराल तर उन्हाळ्यात बॅसिलस सबटिलिस जिवाणूवालं प्रोबायोटिक मागा. त्याचे बीजाणू (कवचातलं सुप्त रूप) उष्णता सोसतात, खाद्यातूनही देता येतं. पण ते पहिल्या आठवड्यापासून हवं. कोंबडीला घाम नाही. उष्णता बाहेर टाकायला रक्त कातडीकडे वळतं, आतड्याला कमी पडतं, अस्तर सैल होतं आणि तिथून ई. कोलाय हा रोगाचा जिवाणू आत शिरतो. प्रोबायोटिकचा उपयोग त्या आतड्यापुरता. भर दुपारी चोच उघडून धापणारा पक्षी त्यानं वाचत नाही. धापून धापून कार्बन डायऑक्साइड निघून जातो, रक्ताचा समतोल बिघडतो. तिथे इलेक्ट्रोलाइट (पाण्यातून द्यायचे क्षार), गार पाणी आणि दहापासून पाचपर्यंत खाद्य वर उचलणं, एवढंच कामाचं. टाकी काळी असेल तर आधी झाका, आणि दुपारी पाइपातलं तापलेलं पाणी सोडून द्या.

मी डॉक्टर नाही. चालू अँटिबायोटिक माझ्या सांगण्यावरून बंद करू नका, कोर्स संपला की मग प्रोबायोटिक घ्या. आणि कंपनीची वाट न बघता आज मेलेला ताजा पक्षी बर्फात ठेवून सरकारी दवाखान्यात पीएमला न्या. हृदयावर, यकृतावर पांढरा पापुद्रा निघाला तर नुसतं ऊन नाही, ई. कोलायचा संशय आहे. रिपोर्ट लेखी घ्या आणि पुडीच्या बॅच नंबरचा फोटो काढून ठेवा, वजावटीच्या वेळी लागेल.