आरोग्य प्रश्नोत्तरे : गुडघ्याचा व्यायाम आणि घरातल्या गोळ्या

प्रश्न : माझे वय ५८. एक्स-रेमध्ये दोन्ही गुडघ्यांची झीज दिसते. डॉक्टर व्यायाम करा म्हणतात, शेजारणी म्हणतात त्याने उरलेला गुडघाही झिजेल. नेमका कोणता व्यायाम करू? नवरात्रात वणीच्या गडावर जायचे आहे. (एक वाचक, सिडको)

उत्तर : शेजारणींची भीती समजण्यासारखी आहे, पण खरी नाही. गुडघ्यातल्या कूर्चेला (हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत, लवचीक थराला) रक्तवाहिन्या नसतात. सांध्यातल्या द्रवातूनच तिला पोषण मिळते, आणि सांधा दाबला-सुटला की तो द्रव आत-बाहेर होतो. दिवसभर बसून राहिलेल्या गुडघ्याला हे मिळत नाही. वर मांडीचा स्नायू सुकतो आणि सगळा भार सांध्यावर येतो. एक्स-रेवरून घाबरूही नका. फोटोत बरीच झीज असूनही कमी दुखणारे आणि फोटो बरा असूनही बेजार झालेले, दोन्ही प्रकारचे रुग्ण असतात.

आठवड्यातून तीन दिवस, एक दिवसाआड करा :

१. पाय लांब करून बसा, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवा. गुडघा खाली दाबून मांडी घट्ट करा, ५ सेकंद धरा. १० वेळा, दोन्ही पायांनी.

२. साधारण ४५ सेंटिमीटर उंचीची, हात नसलेली खुर्ची भिंतीला टेकवा. हात छातीवर ठेवून उठा आणि बसताना मनात तीन मोजत सावकाश बसा. ८ ते १० वेळा, असे दोन फेरे. जड गेले तर खुर्चीवर जाड उशी टाका म्हणजे बैठक उंच होईल. सगळ्यांत उपयोगाचा व्यायाम आम्ही हाच मानतो. घरात, बसमध्ये, देवळात आपल्याला उठा-बसायचेच तर असते.

३. कुशीवर झोपून वरचा पाय सरळ ठेवत उचला, १० वेळा. कमरेच्या बाजूचा स्नायू कमजोर असला की चालताना गुडघा आत वळतो. बरेच जण हा व्यायाम सोडतात आणि फक्त मांडीवर मेहनत घेतात.

४. तीन आठवड्यांनी १० सेंटिमीटर उंच पाटावर चढ-उतार. पुढे जमले तर १५.

दुखण्याला ० ते १० गुण द्या. व्यायाम करताना ५ पर्यंत गेले तर चालेल, पण दुसऱ्या दिवशी त्याच वेळेपर्यंत ते पूर्वीच्या पातळीवर यायला हवे. नाही आले तर फेरा कमी करा, व्यायाम बंद करू नका. फेरा संपल्यावर अजून दोन-तीन वेळा सहज करता येत असेल तर घोट्याला अर्ध्या किलोचा वजनपट्टा बांधा. इथेच बहुतेकांचे चुकते : तोच टॉवेल वर्षभर दाबत राहतात, भार वाढवत नाहीत. श्वास रोखू नका. आठ ते बारा आठवडे दिल्याशिवाय निकाल ठरवू नका.

गडाबद्दल : चढण्यापेक्षा उतरताना गुडघ्यावर ताण जास्त येतो. तिथे फ्युनिक्युलर ट्रॉली आहे. चढायचा हट्टच असेल तर चढा, पण उतरताना ट्रॉलीच घ्या. गुडघा लाल, गरम होऊन ताप आला, अडकून बसला, किंवा पोटरी सुजली, तर व्यायाम थांबवून लगेच डॉक्टरांकडे जा.

प्रश्न : मुलगा म्हणतो जिममध्ये जड वजन उचल. खरेच फरक पडतो का? (नाशिकरोड)

उत्तर : जडच हवे असे नाही. अमेरिकेत ३७७ जणांवर १८ महिने झालेला प्रयोग २०२१ साली प्रसिद्ध झाला. जड वजन, हलके वजन आणि नुसते आरोग्यवर्ग असे तीन गट होते. जड वजनाच्या गटाचे दुखणे इतर दोघांपेक्षा कमी झाले नाही. तरी व्यायामाला मोडीत काढू नका. २०१५ च्या कॉक्रेन आढाव्यात (अनेक प्रयोगांचे निष्कर्ष एकत्र तपासणारा अभ्यास) गुडघ्याच्या व्यायामाच्या ४४ प्रयोगांतून शंभरपैकी सरासरी १२ गुणांनी दुखणे कमी झालेले दिसते. व्यायामाचा कार्यक्रम संपल्यावर दोन ते सहा महिन्यांनी तो फायदा निम्म्यावर, ६ वर आला होता. यातून आम्ही घेतो ती गोष्ट साधी : तुम्ही वर्षभर कराल तोच व्यायाम निवडा. वजन जास्त असेल तर तेही उतरवा, शरीराचे १ किलो कमी झाले की दर पावलाला गुडघ्यावरचे सुमारे ४ किलो कमी होतात.

प्रश्न : सासूबाईंना दुखण्यासाठी रात्री अमिट्रिप्टिलीन दिली आहे. घरात दोन वर्षांचा नातू आहे. चुकून गोळ्या गेल्या तर मिठाचे पाणी पाजून उलटी काढावी का? (पंचवटी)

उत्तर : नाही, अजिबात नाही. हे औषध खूप लवकर गुंगी आणते, झटके येऊ शकतात आणि उलटी फुप्फुसात जाते. मिठाचे पाणी स्वतःच लहान मुलाला घातक आहे. १०८ ला फोन करा, मूल कुशीवर ठेवा, गोळ्यांचे पाकीट बरोबर घ्या, किती वाजता आणि जास्तीत जास्त किती गेल्या असतील ते सांगा. मूल हसत-खेळत असले तरी थांबू नका. लहान मुलाला एखाद-दुसरी गोळीही रुग्णालयात नेण्यासाठी पुरेशी आहे. एम्सचे विषबाधा माहिती केंद्र १८००-११६-११७ वर मिळते.

तिथे डॉक्टर लगेच ईसीजी काढतात. त्या आलेखातला क्यूआरएस नावाचा भाग (हृदयाच्या एका ठोक्याचा विद्युत संकेत) १०० मिलिसेकंदांहून रुंद झाला तर झटक्यांचा धोका, १६० हून अधिक असेल तर हृदयाचे ठोके बिघडण्याचा. हे औषध हृदयपेशींमधले सोडियमचे मार्ग अडवते, म्हणून शिरेतून सोडियम बायकार्बोनेट देतात. ते सोडियम वाढवते आणि रक्त किंचित अल्कधर्मी करते. सक्रिय कोळसा (पोटातले औषध शोषून धरणारी पूड) देतात तो पहिल्या तासात आणि श्वासमार्ग सुरक्षित असेल तरच. डायलिसिसने हे निघत नाही, कारण औषध ऊतींमध्ये शिरलेले असते. लक्षणे नसली तरी किमान सहा तास मॉनिटरवर ठेवतात, घरी सोडा म्हणून घाई करू नका.

या उपचारांचा आधार मुख्यतः प्राण्यांवरचे प्रयोग आणि रुग्णांच्या नोंदी आहेत. मरणाच्या दारातल्या माणसांचे लॉटरीने दोन गट पाडून एकाला औषध नाकारता येत नाही. गुडघ्याच्या व्यायामाचे तसे नाही, तिथे शेकडो लोकांवर तुलना करता येते.

गोळ्या कुलूपबंद डब्यात ठेवा, उशीखाली नको. एक गोळी चुकली म्हणून पुढच्या वेळी दोन घेऊ नका. गुडघ्याच्या दुखण्यासाठी ड्युलोक्सेटीन चालू असेल आणि दुसऱ्या डॉक्टरांनी ट्रॅमाडॉल हे वेदनाशामक लिहून दिले, तर दोघांनाही सांगा. घाम, थरथर, अंग कडक होणे ही दोन्ही औषधे एकत्र आल्याची लक्षणे असू शकतात.

आणि घरातल्या कोणी जाणूनबुजून गोळ्या घेतल्या असतील, तर आधी १०८. रागावू नका, एकटे सोडू नका, काय घेतले ते शांतपणे विचारा. सावरल्यानंतर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक कोणत्याही वेळी लागतो, मराठीतही बोलता येते.