बिल्डर रोज टँकरने रस्ता धुतो, तरी चिखल जात नाही. त्याला नेमकं काय करायला सांगावं?

तुम्ही लिहिलंय की समोरच्या प्लॉटवर बेसमेंटची खोदाई सुरू झाल्यापासून पुण्यातल्या तुमच्या गल्लीत चिखल पसरतोय, परवा आईंची स्कूटी घसरली, आणि बिल्डरकडे गेलं की 'रोज टँकर मारतो ना' एवढंच ऐकायला मिळतं. मी चौदा वर्षं साइट इंजिनिअर आहे, म्हणजे त्या बिल्डरच्या बाजूचाच माणूस. तरी सांगतो: आधी तो टँकर बंद करायला लावा.

पुण्यात बऱ्याच ठिकाणी वर काळी माती, खाली मुरूम आणि त्याखाली कातळ लागतो. छळते ती वरची काळी माती. ओली झाली की फुगते आणि चिकटते. पावसात शेतातून चपला घालून चाललेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. हायवाच्या, म्हणजे माती वाहणाऱ्या मोठ्या डंपरच्या, मागच्या जोडचाकांच्या फटीत ती गच्च बसते आणि गाडीने डांबरावर वेग घेतला की ढेकळं सुटत जातात. त्यावर पाणी मारलं की ढेकळांचा पातळ राडा होतो, आणि दुचाकी घसरते ती या राड्यावरच. उन्हात तो वाळून धूळ उडते, धुळीची ओरड झाली की पुन्हा टँकर. उरलेला गाळ पावसाळी गटारात बसतो आणि जूनमध्ये तुमच्याच दारात पाणी तुंबतं. रस्त्यावरची माती फावड्याने खरवडून, खराट्याने झाडून, गोणीत भरून परत साइटवर न्यायची असते. तेही रोज, गाड्या थांबल्या की लगेच.

पण खरं काम गेटच्या आत आहे. बाहेर पडायच्या वाटेवर निदान पन्नास फूट लांबीपर्यंत जाड दगड पसरायचे, दोन-तीन इंची तरी हवेत. बारीक खडी टाकून भागवतात, ती जोडचाकांत अडकते आणि मागच्याच्या काचेवर उडते. दगडांच्या पुढे लोखंडी अँगलची जाळी, म्हणजे गाडी हादरून माती झडते. मग प्रेशरच्या पाइपने चाकं धुवायची, आणि ते पाणी गाळाच्या टाकीत सोडायचं, रस्त्यावर नाही. दगडांत माती भरली की वर नवीन थर. हे मात्र सगळे विसरतात.

यात महाग असं काही नाही. मग होत का नाही? माझ्या एका जुन्या साइटवर चाकं धुवायचा छान हौद बांधलेला होता. अधिकारी आले की त्याचा फोटो निघायचा, एरवी तो कोरडा. गाड्या शेजारून निघून जायच्या, कारण ड्रायव्हरला पैसे खेपेवर मिळतात. पाच मिनिटं थांबला की रात्रीची एक खेप कमी. एका पहाटे दूधवाला पडला, मनगट मोडलं. त्यानंतर आम्ही एकच बदल केला: खेपेच्या चलनावर सही खड्ड्याजवळ व्हायची, ती गेटवर आणली, आणि शिक्का दिला पाइप धरणाऱ्या पोराच्या हातात. चाकं स्वच्छ नसतील तर शिक्का नाही, आणि शिक्का नसेल तर खेप धरली जाणार नाही. चार दिवसांत सगळे ड्रायव्हर शिस्तीत रांगेला लागले. तुमच्या बिल्डरकडे हौदाच्या आधी हे मागा.

ऐकलं नाही तर महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात लेखी तक्रार द्या, आणि बांधकाम परवानगी विभागाला प्रत. फोटो सकाळी लवकर काढा. एकाच चौकटीत गेट आणि तिथून निघालेले चाकांचे पट्टे दिसले पाहिजेत. नाहीतर 'माती आमची नाही' हे उत्तर ठरलेलं. अर्जात भारतीय न्याय संहितेचं कलम २८५ लिहा: सार्वजनिक रस्त्यावर धोका किंवा अडथळा निर्माण केल्यास ५,००० रुपयांपर्यंत दंड. (जुन्या दंड संहितेत तो २०० रुपये होता, म्हणजे एका हायवाचं चहापाणी.) बाहेर पडणाऱ्या गाड्यांची चाकं धुण्याची अट मुंबई महापालिकेने ऑक्टोबर २०२३ च्या धूळ नियंत्रण नियमावलीत घातली आहे. ती पुण्याला लागू नाही, पण 'असं कुठे असतं का' म्हणणाऱ्यासमोर ठेवायला उपयोगी पडते.

रात्रीही एकदा चक्कर मारा. पाऊस पडला की बेसमेंटमधलं गढूळ पाणी पंपाने थेट रस्त्यावर सोडतात, आणि सकाळी दोष डंपरवर जातो.

आणि खोदाई संपली की काँक्रीटचे मिक्सर येतील. त्यांचे ड्रायव्हर गाडी धुतलेलं सिमेंटचं पाणी गेटबाहेरच्या गटारात ओततात. एकदा ते आवळलं की छिन्नी-हातोड्याशिवाय निघत नाही. त्यासाठी आतच एक खड्डा काढून ठेवायला आत्तापासून सांगून ठेवा.