आत्याबाईंची सही आणि १९७४ चा ट्रॅक्टर

प्रश्न: मी भांडुपला राहतो. कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त झालो. पत्नीच्या नावावर मुरबाडजवळ सव्वा एकर आहे, तिथे आंबा-चिकू लावलाय. जुनी यंत्रं चालू करण्याचा मला नाद आहे. दोन वर्षांपूर्वी निफाड तालुक्यात एका गोठ्यात गोणपाटाखाली झाकलेला १९७४ चा एचएमटी २५११ सापडला. पूर्वी द्राक्षबागेत चालायचा. ८५ हजारांना घेतला. विकणाऱ्या मुलाने स्टँपपेपरवर लिहून दिलं. आरसी बुक त्याच्या आजोबांच्या नावावर आहे. आजी आधीच गेल्या होत्या, आजोबा २००९ साली वारले, मुलाचे वडील २०१९ साली. दुरुस्तीवर सव्वादोन लाख घातले. इंजिन चालू झाल्याचा व्हिडिओ नातेवाइकांत फिरला आणि मुलाच्या आत्याची, त्या बोरिवलीला असतात, वकिलामार्फत नोटीस आली: ट्रॅक्टर १५ दिवसांत परत करा, नाहीतर चोरीचा माल घेतल्याची तक्रार करू. गॅरेजवाला म्हणतो, चेसिसचा नंबर गंजलाय, नवा पंच करून देतो. मला तर ट्रॅक्टर फक्त शेतात चालवायचाय. काय करू? नोटिशीला कडक उत्तर लिहून द्याल का? आणि जुन्या गाड्यांना मिळते ती व्हिंटेजची पाटी मिळेल का?

उत्तर: ट्रॅक्टर परत द्यावा लागेल असं मला वाटत नाही. पण तो तुमच्या नावावर करायला जी सही लागणार आहे, ती नोटीस पाठवणाऱ्या बाईंचीच आहे. म्हणून नोटिशीला कडक उत्तर लिहून द्या, ही तुमची विनंती मी बाजूला ठेवते.

आधी मालकी. आजोबा मृत्युपत्र न करता गेले असतील तर १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे त्यांची चीजवस्तू मुलगा आणि मुलगी यांच्यात निम्मी-निम्मी झाली. लग्न होऊन मुलगी बोरिवलीला गेली म्हणून तिचा वाटा गेला नाही, हे निफाडला अजून काही घरांत पटत नाही, पण कायदा तोच आहे. मुलाच्या वडिलांचा अर्धा हिस्सा पुढे त्या मुलाकडे, त्याच्या आईकडे आणि बहीण असेल तर तिच्याकडे आला. म्हणजे तुम्हाला विकणारा मुलगा ट्रॅक्टरचा पुरता अर्धा मालकसुद्धा नव्हता.

आता तुमच्या बाजूचं. १९३० च्या मालविक्री कायद्यात कलम २७ म्हणतं की विकणाऱ्याकडे जेवढा हक्क, तेवढाच घेणाऱ्याला मिळतो. त्याच्या लगेच पुढचं कलम २८ तुमच्या उपयोगाचं. सामाईक मालकांपैकी एकाच्याच ताब्यात वस्तू बाकीच्यांच्या परवानगीने असेल आणि घेणाऱ्याने प्रामाणिकपणे, विकणाऱ्याला अधिकार नाही हे माहीत नसताना ती घेतली असेल, तर ती पूर्णपणे त्याची होते. इतकी वर्षं ट्रॅक्टर भाच्याच्या गोठ्यात उभा होता, आत्याबाईंनी कधी विचारलं नाही, तेव्हा परवानगी होतीच, असा युक्तिवाद मी आनंदाने केला असता.

केला असता म्हणते, कारण तुम्ही जोडलेल्या व्हॉट्सॲपच्या तिसऱ्या पानावर त्या मुलाचं वाक्य आहे: "आत्याला विचारायची गरज नाही, ती मुंबईलाच असते." खाली तुमचा होकाराचा अंगठा. तो मुलगा भोळेपणाने लिहून गेला आणि तुम्हीही भोळेपणाने अंगठा पाठवलात, पण उलटतपासणीत हेच पान तुमच्यासमोर धरतील आणि विचारतील की आत्या आहे हे कळल्यावर तुम्ही एक फोन का केला नाहीत. हे चॅट पुसू मात्र नका. मुलाच्या फोनमध्ये ते आहेच, आणि पुरावा नष्ट केल्याचं नवं लचांड मागे लागेल.

कलम २८ टिकलं नाही तरी आभाळ कोसळत नाही. मुलाकडच्या वारसांचा हिस्सा तुमच्याकडे आला असं धरलं (त्याच्या आईची आणि बहिणीची संमती अजून घ्यायची आहे, ते विसरू नका) तर तुम्ही आत्याबाईंचे सहमालक झालात. सहमालकाला दुसऱ्या सहमालकाकडून अख्खा ट्रॅक्टर काढून घेता येत नाही. हिस्सा किंवा हिश्श्याची किंमत मागता येते. ८५ हजारांच्या निम्मे साडेबेचाळीस हजार होतात. आजच्या किमतीवर हिशेब मागतील, म्हणून तुमच्या सव्वादोन लाखांच्या पावत्या हव्यात. एचएमटी कंपनीचा पिंजोरचा ट्रॅक्टर कारखाना बंद करण्याचा निर्णय २०१६ साली झाला, तेव्हा अर्धे पुर्जे मेलेल्या ट्रॅक्टरांतून काढलेले असणार हे मला कळतं. पण नागदेवी स्ट्रीटवरून आणलेल्या बेअरिंग-ऑइल सीलची तरी पावती असेल ना? भंगारवाल्याकडून हेड किंवा पंप घेतला असेल तर त्याच्याकडून निदान चिठ्ठीवर तारीख, नाव आणि सही घ्या. उद्या कुणी विचारलं तर तो पंप कुठून आला हे तुम्हालाच सांगावं लागेल.

चोरीच्या मालाची धमकी मला पोकळ वाटते. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली माल चोरीचा आहे हे माहीत असावं लागतं, किंवा तसं वाटायला कारण असावं लागतं, आणि घेणारा अप्रामाणिक असावा लागतो. इथला वाद घरातल्या वाटणीचा आहे. तरी पोलिसांनी ट्रॅक्टर ताब्यात घेतलाच, तर मॅजिस्ट्रेटसमोर तो सुपूर्तनाम्यावर, म्हणजे सांभाळायची हमी लिहून देऊन, सोडवून घेता येतो. पोलीस ठाण्याच्या आवारात वाहनं सडवू नयेत, असं सर्वोच्च न्यायालयाने सुंदरभाई अंबालाल देसाई खटल्यात २००२ सालीच सांगितलंय.

आता तुमचं "फक्त शेतात चालवायचाय." हे वाक्य मला दर महिन्याला कुणीतरी ऐकवतं. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ३९ नोंदणीशिवाय वाहन चालवायला मनाई करतं, आणि त्यात सार्वजनिक जागेबरोबर "इतर कोणतीही जागा" हेही आहे. मुरबाडचं शेत त्यात येतं. थर्ड पार्टी विमा मात्र सार्वजनिक जागेपुरता सक्तीचा आहे. पण ट्रॅक्टर भांडुपहून मुरबाडला जाणार कसा? गॅरेजवाल्याने चाचणी म्हणून एलबीएस रोडवर एक फेरी मारली आणि कुणाला धक्का लागला, तर भरपाईचा दावा आजोबांच्या वारसांवर आणि तुमच्यावर येईल, आणि विमा कंपनी कुठेच नसेल. ट्रॅक्टर टेंपोवर चढवूनच न्या.

म्हणजे आरटीओ टळत नाही. मालक वारल्यावर वारसाच्या नावावर वाहन करायला नमुना ३१ लागतो, सोबत मृत्यू दाखला आणि बाकी वारसांचं संमतीचं प्रतिज्ञापत्र. त्यानंतर वारसाकडून तुमच्या नावावर यायला नमुना २९ आणि ३०. तुम्ही वडाळा आरटीओच्या हद्दीत राहता, म्हणून नाशिकचं ना-हरकत प्रमाणपत्र नमुना २८ वर. नोंदणीची मुदत केव्हाच संपली असणार, तिच्या नूतनीकरणाला नमुना २५ आणि प्रत्यक्ष तपासणी. तीन अक्षरी जुना नंबर संगणकावर दिसला नाही तर घाबरू नका, मूळ आरसीवरून बॅकलॉग नोंद, म्हणजे जुनी नोंद संगणकावर चढवून, घेता येते. म्हणून ते फाटकं आरसी बुक लॅमिनेट करू नका, झेरॉक्स काढून कपाटात ठेवा.

त्याच आरसीच्या फोटोत मला एक पुसट शिक्का दिसला: भूविकास बँकेचा बोजा. त्या काळी ट्रॅक्टर म्हटला की बहुतेक हेच कर्ज. कर्ज फिटलं असेल, पण शिक्का उतरवायला नमुना ३५ वर बँकेची सही लागते आणि या बँका अवसायनात गेल्या, म्हणजे गुंडाळल्या गेल्या. नाशिकच्या जिल्हा उपनिबंधक कार्यालयात अवसायकाची, म्हणजे गुंडाळण्याचं काम पाहणाऱ्या अधिकाऱ्याची, चौकशी करा, आणि त्या मुलाला जुन्या सातबाऱ्यावर बोजा कमी केल्याची फेरफार नोंद शोधायला सांगा. तेवढं काम तरी त्याने करावं.

व्हिंटेजची पाटी मिळेल का, हेही तुम्ही विचारलंय. ट्रॅक्टरला पन्नास वर्षं झाली खरी, पण २०२१ साली केंद्रीय मोटार वाहन नियमांत आलेली व्हिंटेज नोंदणी, नंबरात "व्हीए" अक्षरं आणि २० हजार शुल्कवाली, दुचाकींना आणि प्रवासी चारचाकी गाड्यांना आहे. ट्रॅक्टर त्या वर्गात बसत नाही. तुम्हाला नेहमीचीच नोंदणी लागेल.

आणि गॅरेजवाल्याला आजच फोन करून सांगा की पंचला हात लावायचा नाही. गंजलेला नंबर हा तुमचा सगळ्यात मोठा पुरावा आहे. नवा पंच दिसला की तपासणारा अधिकारी पहिली शंका चोरीचीच घेतो, मग कागद कितीही खरे असोत. रॉकेलने गंज पुसा, कागद ठेवून पेन्सिल घासून ठसा घ्या, फोटो काढा. नंबर वाचता येत नसेल तर काय करायचं ते आरटीओला विचारून, लेखी परवानगीने. दुसऱ्या २५११ चं इंजिन बसवायचं झालं तरी मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली आधी परवानगी हवी.

गॅरेजवाल्याने जादा पैसे मागून ट्रॅक्टर अडवला तर घाई करू नका. केलेल्या कामाची मजुरी मिळेपर्यंत वस्तू ठेवून घ्यायचा हक्क करार कायद्याच्या कलम १७० ने त्याला आहे. न ठरलेल्या कामाच्या पैशांसाठी तो चालत नाही. म्हणून पुढचं प्रत्येक काम लिहून ठरवा.

नोटिशीला मी चार ओळींचं सभ्य उत्तर देते: हक्क अबाधित ठेवून भेटायला तयार आहोत. त्या भेटीत साडेबेचाळीस हजारांपासून बोलणी सुरू करा, थोडं वर जावं लागलं तरी जा, आणि त्याच दिवशी संमतीचं प्रतिज्ञापत्र नोटरी करून घ्या. दिलेली रक्कम त्या मुलाकडून वसूल करायला मालविक्री कायद्याचं कलम १४ आहे, विक्रीपासून तीन वर्षांची मुदत धरून चला. त्यातली दोन गेली.

नोटिशीतला सहावा परिच्छेद तुम्ही बहुतेक नीट वाचला नाही. मडगार्डवर आत्याबाईंच्या वडिलांनी पेंटरकडून लिहून घेतलेलं "आई सप्तशृंगी प्रसन्न" खरवडून काढलं, अशी त्यांची तक्रार आहे. पैशाचा आकडा अख्ख्या नोटिशीत कुठेही नाही, पण या अक्षरांवर पाच ओळी आहेत. तुम्ही लिहिता की येत्या रविवारी लाल रंगाचा शेवटचा हात मारायचाय. पेंटरला थांबवा. आत्याबाईंकडे जुना फोटो असेल, तो मागा, आणि अक्षरं कुठे, केवढी, कोणत्या रंगात होती ते त्यांनाच विचारा.