ते एक वाक्य खोड

अनेक आशीर्वाद.

ऑगस्टीनच्या काळ-शाश्वततेच्या विचारावरच्या तुझ्या निबंधाचा खर्डा वाचला. पहिल्याच पानावर तू लिहिलं आहेस, ‘ख्रिस्ती विचारात शाश्वतता म्हणजे कधीच न संपणारा काळ.’ ते वाक्य खोड. दोष तुझा एकट्याचा नाही. मराठी बायबलातला ‘सार्वकालिक’ हा शब्दही आपल्याला तिकडेच ढकलतो. काळाची लांबच लांब दोरी डोळ्यांपुढे येते.

ऑगस्टीन उत्तर आफ्रिकेतल्या हिप्पोचा बिशप; आजच्या अल्जीरियातलं अन्नाबा ते हेच. इ.स. ४००च्या आसपास लिहिलेल्या ‘कन्फेशन्स’ या आत्मकथनाच्या अकराव्या भागात तो एक जुना प्रश्न घेतो: जग घडवण्याआधी देव काय करत होता? ‘असले प्रश्न विचारणाऱ्यांसाठी नरक तयार करत होता,’ हे उत्तर तू ऑगस्टीनच्या नावावर टाकलं आहेस. ते काढ. दुसऱ्या कुणाचा विनोद सांगून तो स्वतः म्हणतो, मी असं उत्तर देणार नाही. त्याचं म्हणणं असं, की काळही जगाबरोबरच निर्माण झाला. मग ‘आधी’ हा शब्दच तिथे लागू पडत नाही.

आता तू दोन ओळींत गुंडाळलेला भाग. मिलानचा बिशप अँब्रोज याच्या स्तोत्रातली ‘देउस क्रेआतोर ओम्निउम’ (देव, सर्वांचा निर्माता) ही लॅटिन ओळ ऑगस्टीन घेतो. आठ अक्षरं, एक लघु एक गुरू अशी. वृत्तं शिकलेल्या तुला त्याची अडचण लगेच कळेल. गुरू अक्षर लघूच्या दुप्पट, हे आपण ठरवतो कधी? गुरू उच्चारून संपल्यावर. तोवर दोन्ही अक्षरं हवेत विरलेली. मग मोजलं काय? मनात उरलेला ठसा, असं तो म्हणतो. भूतकाळ म्हणजे स्मरण, वर्तमान म्हणजे अवधान, भविष्य म्हणजे अपेक्षा. मन या तिन्हींत ताणलं जातं. (ज्या काळात मोजणारं मनच नव्हतं त्याचं काय, इथे मी अजून अडखळतो. तुलाही तिथे अडखळायला झालं तर तसं लिही, लपवू नकोस.)

हा ताण देवाकडे नाही. त्याचं ‘आज’ उद्याला जागा करून देत नाही. पुढे इ.स. ५२४च्या सुमारास, मृत्युदंडाच्या छायेत, कैदेतल्या बोएथियस या रोमन तत्त्वज्ञाने शाश्वततेची नेमकी व्याख्या केली: अमर्याद जीवन सगळंच्या सगळं, एकदम आणि पूर्णपणे हाती असणं. जगाला आरंभ-अंत नसला तरी ते शाश्वत ठरत नाही, हेही त्याने बजावलं, कारण तेही क्षणाक्षणानेच जगतं. खोडलेल्या वाक्याच्या जागी हे घाल.

पुन्हा लिहायला बसण्याआधी एक कर. तोंडपाठ असलेलं एखादं स्तोत्र किंवा अभंग मोठ्याने म्हण आणि अर्ध्यावर थांब. म्हणून झालेलं कुठे गेलं, राहिलेलं कुठे आहे, ते बघ. ऑगस्टीनही स्तोत्र म्हणण्याचंच उदाहरण देतो. मग तो परिच्छेद लिही, निष्कर्ष नंतर पाहू.